आमदाराचे मत एक, पण त्यामागचे मतदार किती?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर त्यालाच धरून राहील. आपण कोल्हापूर उत्तर मतदारसंघातील मतदार आहात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत चिंचवड मतदारसंघात सहा लाखांहून अधिक मतदार होते आणि मुंबईतील वडाळा मतदारसंघात दोन लाखांहून थोडेच अधिक, हे आपल्या वाचनात आले. दोन्हीकडून एकेकच आमदार निवडून जातो आणि विधेयक मताला टाकले की दोघांचेही मत एकच धरले जाते. तेव्हा सभागृहातले बहुमत हे राज्यातील बहुसंख्य मतदारांचे बहुमत असते का, आणि नसेल तर प्रत्येक आमदाराच्या मताला त्याच्या मतदारसंख्येइतके वजन का देऊ नये, असे आपण विचारले आहे.

मी महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली आणि त्यातला मोठा काळ निवडणूक शाखेत गेला. मतदारयाद्या, मतदारसंघ पुनर्रचनेसाठी जिल्ह्यातून पाठवायची माहिती, आणि सहकारी संस्थांच्या निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून केलेले काम, या तिन्ही ठिकाणी हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत आला. त्या अनुभवावरून सांगतो की याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येत नाही. आमदारामागचे लोक मोजायचे म्हणजे एकूण लोकसंख्या मोजायची, यादीतले मतदार मोजायचे, प्रत्यक्ष मतदान केलेले मोजायचे, की केवळ त्याला मत दिलेले मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. आणि यातला जो आकडा धराल त्याप्रमाणे अन्यायाची जागा बदलते.

राज्यघटनेने यातला पहिला आकडा धरला आहे. अनुच्छेद १७० प्रमाणे राज्यातील मतदारसंघ असे पाडायचे की प्रत्येकाची लोकसंख्या शक्य तितकी सारखी यावी. येथे शब्द लोकसंख्या असा आहे, मतदार असा नाही, आणि ते मला योग्य वाटते. कारण आमदार लहान मुलांचाही असतो आणि ज्याचे नाव अजून यादीत चढलेले नाही त्याचाही असतो. आजरा, चंदगड, भुदरगड भागातील कित्येक घरांत कर्ता माणूस मुंबईला आणि नाव मात्र गावच्या यादीत, ही परिस्थिती मी प्रत्येक पुनरीक्षणाच्या वेळी पाहिली आहे. त्यामुळे दोन मतदारसंघांच्या केवळ मतदारसंख्या शेजारी ठेवून तुलना केली, तर चित्र थोडे वेडेवाकडे दिसते. तरीही चिंचवड आणि वडाळा यांच्यातील तिप्पट फरक यादीच्या दोषाने पडलेला नाही. तो खरा आहे, आणि तो का पडला हे आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणावरून सांगता येईल.

सध्याचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर बेतलेले आहेत. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने ते आखले, २००८ साली आदेश निघाला आणि २००९ ची निवडणूक त्यावर झाली. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार ६२७ होती. तिला २८८ ने भागले की ३,३६,३८४ येतात. त्या दिवसांत नागाळा पार्कातील आमच्या कार्यालयात लांब टेबलावर तालुक्यांचे नकाशे पसरलेले असत, शेजारी महसूल मंडळनिहाय लोकसंख्येचे तक्ते, आणि कागदाच्या माथ्यावर पेन्सिलीने लिहिलेला हा सहा अंकी आकडा. एक मंडळ इकडे घेतले की बेरीज फुगायची, काढून तिकडे दिले की दुसरीकडची फुगायची. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ३५ लाख २३ हजार होती. सरासरीने भागल्यावर साडेदहाला किंचित कमी भरते, म्हणून जिल्ह्याच्या वाट्याला दहा जागा आल्या. पूर्वी बारा होत्या.

दोन जागा कमी होणे कागदावर सोपे असते. प्रत्यक्षात गडहिंग्लज, सांगरूळ, पन्हाळा आणि वडगाव ही चार नावे मतदारसंघांच्या यादीतून गेली. कोल्हापूर शहराच्या जुन्या मतदारसंघाच्या जागी उत्तर आणि दक्षिण असे दोन झाले आणि हातकणंगले नव्याने आला. गडहिंग्लज शहर आणि आजरा तालुक्यातील उत्तूरचा भाग कागलला जोडला गेला, आजऱ्याचा आणखी काही भाग राधानगरी-भुदरगडकडे वळला, आणि गगनबावडा तालुका करवीर मतदारसंघात आला. तेव्हा आजऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्या टेबलासमोर बराच वेळ उभे होते. तालुका एक, तहसीलदार एक, पण रस्त्याचे काम सांगायला कोणत्या आमदाराकडे जायचे हे गावागणिक बदलणार, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे त्या आकड्याखेरीज काही नव्हते. मतांची समानता साधायची तर कुठेतरी तालुक्याची वेस मोडावी लागते, आणि ती मोडली की ज्याची मोडली त्याला ते समानतेसारखे वाटत नाही. म्हणूनच कायद्यात भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय यांचाही विचार करायला सांगितले आहे, आणि सरासरीपासून साधारण दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला गेला.

आता २०११ चे आकडे याच जागांना लावून पाहा. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार झाली, म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार. कोल्हापूर जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार, दहा आमदारांमागे प्रत्येकी ३ लाख ८८ हजार. म्हणजे आपला जिल्हा जवळजवळ काट्यावर आहे. आपले वजन घटले अशी तक्रार करायला आपल्याला फारशी जागा नाही. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात की साडेआठ लाख लोकसंख्येला तीन आमदार, म्हणजे प्रत्येकी २ लाख ८३ हजार. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात मात्र १ कोटी १० लाख ६० हजार लोकांना २४ आमदार, म्हणजे प्रत्येकी ४ लाख ६१ हजार. सिंधुदुर्गातील पाच माणसांना विधानसभेत जेवढी जागा मिळते, तेवढी ठाण्यात आठ माणसांना मिळते. हाच हिशेब पुढे नेला तर २०११ च्या सरासरीने ठाण्याला २८ आणि पुण्याला २१ ऐवजी २४ जागा हव्या होत्या, तर सिंधुदुर्गाला दोन आणि रत्नागिरीला पाचऐवजी चार.

यावरून शहरावर अन्याय आणि खेड्याला झुकते माप, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो पुरता खरा नाही. मुंबई शहर जिल्ह्यात २०११ साली ३० लाख ८५ हजार लोक होते आणि आमदार दहा, म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ९ हजार. आपण ज्या वडाळ्याचे उदाहरण दिले तो याच जिल्ह्यात येतो. गिरण्या गेल्या, चाळी पाडल्या गेल्या, लोक कल्याण, बदलापूर, वसई, विरारकडे सरकले. जागा मात्र जिथल्या तिथे राहिल्या. त्यामुळे दक्षिण मुंबईचा माणूस आणि कोकणातला माणूस या बाबतीत एकाच बाजूला उभे आहेत आणि त्यांचेच नातेवाईक ठाण्या-पालघरात दुसऱ्या बाजूला. हा फरक कोणी डाव साधून केलेला नाही. माणसे हलली आणि रेषा हलली नाही, हे त्याचे कारण आहे.

रेषा का हलली नाही, तेही सांगायला हवे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा म्हणून लोकसभेतल्या जागा गमवाव्या लागू नयेत, हा त्यामागचा विचार. २००१ च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली, आणि २००३ च्या ८७व्या दुरुस्तीने राज्यांच्या आतल्या रेषा २००१ च्या आकड्यांवर बदलण्यास परवानगी दिली. परिणामी २०११ च्या लोकसंख्येने पाहता लोकसभेत केरळच्या एका खासदारामागे १६ लाख ७० हजार, महाराष्ट्रात २३ लाख ४० हजार आणि बिहारमध्ये २६ लाख लोक येतात. राज्याराज्यांतील या फरकाबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही, कारण दोन्ही बाजूंना वजनदार कारण आहे. पण एकाच राज्याच्या आत, ठाणे आणि सिंधुदुर्ग यांच्यात, तसे कोणतेही कारण मला दिसत नाही. तेथे रेषा दर जनगणनेनंतर बदलायला हवी होती आणि ती न बदलल्याने ठाण्याच्या माणसाचे नुकसान झाले आहे, हे मी स्पष्टपणे म्हणतो. नुकसान फक्त विधेयकापुरते नसते. आमदार स्थानिक विकास निधी मतदारसंघामागे सारखाच मिळतो. त्यामुळे त्याच रकमेत एकीकडे पावणेतीन-तीन लाख लोकांची गटारे आणि समाजमंदिरे होतात आणि दुसरीकडे सहा लाखांची.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: वजन का देऊ नये. वजनाची कल्पना आपल्या घटनेला अपरिचित नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराचे मत तोलूनच मोजले जाते. १९७१ ची राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, भागिले एक हजार. महाराष्ट्रासाठी ५ कोटी ४ लाख १२ हजार भागिले २८८ असे करून १७५ येतात. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७. मात्र तेथेही चिंचवडचे आमदार आणि वडाळ्याचे आमदार दोघेही १७५ च. वजन राज्याराज्यांत आहे, मतदारसंघामतदारसंघांत नाही.

उलट टोकाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातील प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. जिल्ह्याच्या दूध संघाच्या किंवा मध्यवर्ती बँकेच्या निवडणुकीत गावची प्राथमिक संस्था आपल्या एका प्रतिनिधीच्या नावाने ठराव करते आणि त्या ठरावाला एक मत. अशा एका निवडणुकीच्या वेळी ठरावांच्या फायली मी स्वतः तपासल्या होत्या. एका फायलीत डोंगरातल्या वाडीची सत्तर-ऐंशी सभासदांची संस्था, इतिवृत्ताच्या पानावर निम्मे अंगठे. दुसरीत नदीकाठच्या मोठ्या गावची हजाराहून अधिक सभासदांची संस्था, सह्यांना चार पाने लागलेली. मोजणीच्या दिवशी दोघांची मतपत्रिका एकाच आकाराची, एकाच गठ्ठ्यात. शिवाय बँकेत सेवा संस्था गटातून गगनबावड्यासारख्या लहान तालुक्यालाही एक संचालक आणि करवीरलाही एक. अमेरिकेच्या सिनेटची रचना अशीच आहे: २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंगची ५ लाख ७७ हजार, आणि दोघांनाही दोन-दोन सिनेटर. तेथे घटक हा राज्य आहे, येथे घटक हा संस्था किंवा तालुका आहे. ज्या सभागृहात एकत्र येणाऱ्या घटकांना समान मानायचे असे ठरवून करार झालेला असतो, तेथे डोकी मोजून केलेली तक्रार चुकीच्या दारात जाते. विधानसभा मात्र तशी नाही. ती डोक्यांसाठीच आहे, म्हणून आपली तक्रार योग्य दारात आहे.

तरीही वजनाचा उपाय मी सुचवणार नाही, आणि त्याचे कारण नीट समजावे म्हणून थोडा हिशेब करतो. समजा एका मंडळात तीन सदस्य आहेत आणि त्यांची वजने ४९, ४९ आणि २ अशी आहेत. ठराव मंजूर व्हायला ५१ लागतात. कोणतेही दोघे एकत्र आले की काम होते, म्हणजे २ वजनाच्या माणसाची ताकद ४९ वाल्याइतकीच झाली. याच्या उलटही होते. न्यूयॉर्कजवळील नासाऊ परगण्याच्या मंडळात १९६४ साली सहा सदस्यांची वजने ३१, ३१, २८, २१, २ आणि २ होती. एकूण ११५, बहुमत ५८. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे ५८ ओलांडत होते, आणि एका मोठ्या सदस्याने शेवटच्या तिघांना सोबत घेतले तरी बेरीज ५६ वरच थांबत होती. म्हणजे २१ वजनाचा सदस्य कागदावर वजनदार, पण त्याचे मत कोणत्याही ठरावात कधीच निर्णायक ठरू शकत नव्हते. त्याच्यामागचे हजारो मतदार मंडळात असून नसल्यासारखे झाले. जॉन बॅन्झाफ या कायदेतज्ज्ञाने १९६५ साली हे गणिताने दाखवून दिले. मताचे वजन आणि मताची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळते. मोठ्या सभागृहात असे टोकाचे प्रकार कमी होतात हे मान्य, पण आमच्या विधानसभेत वजनाला निष्प्रभ करणारी वेगळीच गोष्ट बसलेली आहे. ती म्हणजे पक्षादेश.

१९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हापासून व्हिप मोडून मत देणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे विधेयकावर आमदार सुटे सुटे मत देत नाहीत, पक्षाच्या गठ्ठ्याने देतात. प्रत्येक मोठ्या पक्षाच्या गठ्ठ्यात चार-पाच लाखांचे मतदारसंघही असतात आणि अडीच लाखांचेही. वजन लावले तरी गठ्ठ्यांचे आपसातले प्रमाण फारसे हलत नाही, आणि विधेयकाचा निकाल क्वचितच बदलेल.

निकाल ज्यामुळे खरोखर बदलतो ती पायरी याच्या आधीची आहे. आपण सगळे मतदारसंघ तंतोतंत सारखे केले असे धरा, प्रत्येक ठिकाणी दुरंगी लढत धरा आणि सर्वत्र सारखे मतदान धरा. २८८ पैकी १४५ ठिकाणी निम्म्याहून एक मत जास्त मिळवणारा पक्ष राज्यातील एकूण मतांच्या पावाहून किंचित अधिक मतांवर विधानसभेत बहुमत मिळवू शकतो. तिरंगी-चौरंगी लढतीत त्याहूनही कमी मतांवर. प्रत्यक्षात एवढे टोक गाठले जात नाही, पण दिशा तीच राहते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मते आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. १९८४ साली काँग्रेसला निम्म्यापेक्षा कमी मते आणि चारशेहून अधिक जागा मिळाल्या होत्या. हा कोणत्याही पक्षावरचा ठपका नाही. सर्वाधिक मते तो विजयी या पद्धतीत असेच होते. म्हणून सभागृहातील बहुमत मतदारांच्या बहुमताशी का जुळत नाही याचा शोध घेताना मतदारसंघाच्या लहानमोठेपणावर जेवढे बोट ठेवले जाते, त्याहून अधिक या पायरीवर ठेवायला हवे.

विधान परिषदेबद्दल थोडक्यात सांगतो. तिच्या ७८ सदस्यांमागे लोकसंख्येचा हिशेबच नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य असे काही शेच मतदार असतात, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे मतदार वेगळे, आणि बारा सदस्य राज्यपालनियुक्त. पण परिषद साधे विधेयक अडवू शकत नाही, आधी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना लांबवू शकते; अर्थविधेयक तर चौदाच दिवस. अंतिम शब्द विधानसभेचा असल्याने आपला प्रश्न शेवटी तिथेच येऊन थांबतो.

आणि तिथे आपल्यासारख्या मतदाराला सर्वांत जास्त अडचण कशाची येते, तर मत कोणी कसे दिले हेच कळत नाही याची. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. होय म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा आहे असे अध्यक्षांना वाटले की विधेयक संमत. एखाद्या सदस्याने मतविभागणी, म्हणजे सभागृहाच्या भाषेत पोल, मागितला तरच बाजूने किती, विरोधात किती आणि तटस्थ किती हे नावानिशी नोंदले जाते. आपण जो हिशेब करू इच्छिता, की या विधेयकाच्या बाजूचे आमदार एकूण किती लोकसंख्येचे प्रतिनिधी होते, तो करायला आवश्यक असलेली यादीच बहुतेक वेळा अस्तित्वात नसते. सभागृहात त्या क्षणी किती सदस्य हजर होते, हाही आकडा त्यामुळे हाती लागत नाही; आणि विधेयक तर हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने मंजूर होते, गणपूर्तीला सदस्यसंख्येचा दहावा हिस्सा पुरतो. चिंचवडचे सहा लाख मतदार त्या दुपारी गैरहजर होते की नाही, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही.

म्हणून माझ्या मते मागणीचा क्रम असा असावा. राज्याच्या आतल्या रेषा दर जनगणनेनंतर, जागांची एकूण संख्या वाढो अथवा न वाढो, नव्या आकड्यांवर आखल्या जाव्यात. आणि अर्थसंकल्प, जमीन, पाणी, शिक्षण, स्थानिक संस्था यांच्याशी संबंधित विधेयकांवर नावानिशी मतदान सक्तीचे व्हावे. पहिल्यासाठी राज्यघटनेने घातलेली मुदत संपण्याची वाट पाहावी लागते, दुसऱ्याला सभागृहाचे नियम बदलले तरी पुरतात.

आपल्याला स्वतः हिशेब करून पाहायचा असेल, तर सुरुवात मतदारसंघापासून न करता जिल्ह्यापासून करावी. जनगणनेचे जिल्हानिहाय आकडे सहज मिळतात आणि मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाहीत, त्यामुळे भागाकार स्वच्छ येतो. मतदारसंघनिहाय लोकसंख्या काढायची तर २००८ च्या आदेशातील महसूल मंडळे आणि प्रभाग घेऊन बेरीज करावी लागेल. कोल्हापूर उत्तर पूर्णपणे महानगरपालिका हद्दीत असल्याने तेथे प्रभागांचीच बेरीज लागेल, आणि प्रभागांच्या हद्दी त्यानंतर बदलल्या असल्याने जुना नकाशा समोर ठेवूनच ती करावी.